१९५२ सालच्या रक्तातला झिका : अँटीबॉडी टेस्ट नेमकं काय बघते?

जुलै २०२१ च्या शेवटी पुरंदर तालुक्यातलं बेलसर हे गाव अचानक बातम्यांत आलं. महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण तिथे सापडला होता आणि निदान केलं होतं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, म्हणजे एनआयव्हीने. सगळ्या बातम्यांत 'पहिला' हा शब्द ठळक होता.

गंमत अशी की याच संस्थेच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एका कामात झिकाचा उल्लेख आहे. १९५२ साली भारतात ठिकठिकाणी लोकांकडून रक्ताचे नमुने गोळा केले गेले. स्मिथबर्न, कर आणि गटणे या तिघांनी ते तपासले आणि निष्कर्ष १९५४ मध्ये 'जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी'त छापले. झिकासाठी तपासलेल्या १९६ नमुन्यांपैकी ३३ नमुन्यांत झिकाविरुद्धच्या अँटीबॉडी मिळाल्या. जवळजवळ १७ टक्के! लेखकांनी त्यावरून काढलेला अर्थही सरळ होता : झिका भारतात माणसांना होतो.

मग १९५२ ते २०१७ एवढी वर्षं तो कुठे होता? (२०१७ का, तर अहमदाबादमधले तीन रुग्ण जागतिक आरोग्य संघटनेने त्या वर्षी जाहीर केले. भारतात विषाणूचा आरएनए सापडून सिद्ध झालेले ते पहिले रुग्ण.) दोन उत्तरं शक्य आहेत. एक, झिका तेव्हापासून इथेच होता आणि आपण शोधलाच नाही. दोन, १९५२ ची टेस्ट दुसरंच काहीतरी बघत होती. २०१६ मध्ये ब्राझीलच्या बातम्या आल्यावर आपल्याकडे हा जुना पेपर पुन्हा वर आला आणि 'झिका तर भारतात १९५२ पासून आहे' असं बिनधास्त लिहिलं गेलं. तेवढं बिनधास्त का लिहिता येत नाही, ते समजायचं तर अँटीबॉडी टेस्टच्या इतिहासात थोडं मागे जावं लागेल.

पुण्यात आफ्रिकेचे विषाणू कशाला?

व्हायरस रिसर्च सेंटर पुण्यात १९५२ मध्ये सुरू झालं, रॉकफेलर फाउंडेशन आणि आयसीएमआर यांच्या भागीदारीतून. एनआयव्ही हे नाव खूप नंतरचं, १९७८ चं. रॉकफेलरवाल्यांचा त्या काळातला ध्यास होता डास आणि गोचिडांमार्फत पसरणारे विषाणू, आणि त्यातही पीतज्वर, म्हणजे यलो फीवर. आशियात पीतज्वर नाही, पण तो पसरवणारा डास भरपूर आहे, माकडं आहेत, माणसं तर आहेतच. मग हा रोग इकडे का नाही? हा प्रश्न तेव्हाच्या विषाणूशास्त्रज्ञांना छळत होता. (अजूनही पूर्ण सुटलेला नाही, पण तो वेगळा विषय.)

पीतज्वराच्या याच शोधात झिकाही सापडला होता. १९४७ मध्ये युगांडात एंटेबेजवळच्या झिका नावाच्या जंगलात झाडांवर पिंजऱ्यांत माकडं ठेवली होती. हेतू हा, की डास त्यांना चावले तर जंगलात कोणते विषाणू फिरतायत ते कळावं. एका माकडाला ताप आला. त्याचं सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारं पिवळसर पाणी) उंदरांच्या मेंदूत टोचलं, उंदीर आजारी पडले, आणि एक नवा विषाणू हाती लागला. केनेथ स्मिथबर्न याच एंटेबेच्या संस्थेतले. १९३७ मध्ये वेस्ट नाइल विषाणू शोधणाऱ्या गटाचे ते प्रमुख. तेव्हा पुण्याच्या पाहणीतल्या विषाणूंत झिका होता यात आश्चर्य काही नाही. हातात जे विषाणू आणि जो अनुभव होता, त्यावरूनच यादी ठरली असणार. ही साधी वाटणारी गोष्ट लक्षात ठेवा. अँटीबॉडी टेस्ट फक्त तुम्ही विचारलेल्या विषाणूबद्दल उत्तर देते. यादीत नसलेल्या विषाणूचं नाव ती कधीच घेत नाही.

उंदीर मरतो की वाचतो

विषाणू शरीरात आला की आपली प्रतिकारशक्ती त्याच्या प्रथिनांना चिकटतील अशी प्रथिनं तयार करते. हीच अँटीबॉडी, मराठी पुस्तकांतली प्रतिपिंडं. विषाणू आठवडाभरात निघून जातो, पण अँटीबॉडी राहतात. सुरुवातीला आयजीएम जातीच्या जास्त असतात. पुढच्या काळात आयजीजी जातीच्या टिकतात, काही विषाणूंच्या बाबतीत तर आयुष्यभर. म्हणून रक्त तपासून 'याला हा रोग कधीतरी होऊन गेला का' हे विचारता येतं.

अडचण अशी की अँटीबॉडी डोळ्यांना दिसत नाही, सूक्ष्मदर्शकातही दिसत नाही. ती काय करते तेवढं बघता येतं. आजवरच्या सगळ्या टेस्ट म्हणजे या न दिसणाऱ्या कृतीला दिसणारा परिणाम जोडून द्यायच्या युक्त्या आहेत.

१९५२ ची युक्ती होती उंदीर. मॅक्स थायलर यांनी १९३० मध्ये दाखवलं होतं, की पीतज्वराचा विषाणू पांढऱ्या उंदराच्या मेंदूत टोचला तर उंदीर मरतो. त्याआधी या कामासाठी महागडी माकडं लागायची. आता हजारोंनी नमुने तपासणं शक्य झालं. पद्धत अशी : विषाणूचं द्रावण दहापट, शंभरपट, हजारपट असं पातळ करत जायचं. प्रत्येक पायरीत माणसाचं सीरम मिसळायचं, थोडा वेळ ठेवायचं, आणि ते मिश्रण उंदरांच्या छोट्या गटांना टोचायचं. मग रोज मोजायचं, किती मेले, किती जगले. दुसऱ्या बाजूला अँटीबॉडी नसलेलं सीरम वापरून हेच सगळं करायचं. समजा, साध्या सीरमबरोबर एक लाखपट पातळ केलेला विषाणूसुद्धा निम्मे उंदीर मारतो, पण तुमच्या सीरमबरोबर निम्मे उंदीर मारायला हजारपटच पातळ केलेला विषाणू लागतो. म्हणजे तुमच्या सीरमने विषाणूची ताकद शंभरपट कमी केली. या आकड्याला न्यूट्रलायझेशन इंडेक्स म्हणतात. त्या काळची सर्वसाधारण प्रथा अशी, की १० च्या खाली निगेटिव्ह, ५० च्या वर पॉझिटिव्ह, मधलं संशयास्पद.

उंदरांबद्दल वाईट वाटतंच. पण टेस्ट म्हणून ही पद्धत भक्कम होती. अँटीबॉडी नुसती चिकटते एवढंच ती बघत नाही, विषाणू प्रत्यक्ष निकामी होतो का ते बघते. 'न्यूट्रलायझेशन' हा आजही सगळ्यात विश्वासाचा पुरावा मानतात. मग १९५२ च्या ३३ नमुन्यांवर शंका घ्यायची कशासाठी?

आडनाव कळतं, नाव कळत नाही

इथे गोष्टीत एक वेगळी टेस्ट येते. १९४१ मध्ये जॉर्ज हर्स्ट यांच्या लक्षात आलं, की इन्फ्लुएन्झाचा विषाणू कोंबडीच्या तांबड्या पेशींना एकमेकींत अडकवून गुठळ्या करतो. अँटीबॉडी असेल तर विषाणूचे हात बांधले जातात आणि गुठळ्या होत नाहीत. बघायला फार सुंदर टेस्ट आहे. मोकळ्या पेशी घरंगळत खळग्याच्या तळाशी जातात आणि लाल टिकली दिसते. अडकलेल्या पेशींची तळभर पातळ चादर पसरते. टिकली म्हणजे अँटीबॉडी आहे, चादर म्हणजे नाही. उंदीर नको, आठवडे नकोत.

न्यूयॉर्कला रॉकफेलरच्याच प्रयोगशाळेत जॉर्डी कासाल्स यांनी ही युक्ती डासांच्या विषाणूंना लावली. डेलफिन क्लार्क यांच्याबरोबरची त्यांची १९५८ ची पद्धत पुढे जगभर वापरली गेली. तिच्यात तांबड्या पेशी गूजच्या, म्हणजे मोठ्या बदकासारख्या पक्ष्याच्या असत. या कामातून एक गोष्ट स्पष्ट झाली. डासांचे विषाणू कुटुंबांत विभागलेले आहेत. एका विषाणूची लागण झालेल्याचं सीरम त्याच कुटुंबातल्या दुसऱ्या विषाणूलाही अडवतं. कासाल्स यांनी या कुटुंबांना 'अ गट' आणि 'ब गट' अशी नावं दिली. ब गटात कोण कोण? पीतज्वर, डेंग्यू, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाइल आणि झिका. यांनाच आपण आज फ्लॅविव्हायरस म्हणतो.

भारतात राहणाऱ्या माणसाला या कुटुंबातला एखादा पाहुणा भेटलेला नसेल असं क्वचितच. डेंग्यू तर जुनाच. १९५२ च्या याच काळात मुंबईतल्या लोकांच्या रक्तात वेस्ट नाइलच्या अँटीबॉडीही सापडल्या होत्या. एकदा डेंग्यू झालेल्याच्या अँटीबॉडी मुख्यतः डेंग्यूलाच पकडतात. पण दोनदा, दोन वेगवेगळ्या फ्लॅविव्हायरसची लागण झाली, की अँटीबॉडींचा पसारा वाढतो. कधीच न भेटलेल्या विषाणूलाही त्या न्यूट्रलायझेशन टेस्टमध्ये काही प्रमाणात निकामी करू शकतात. म्हणजे भक्कम टेस्टसुद्धा कधीकधी आडनावच सांगते, नाव सांगत नाही.

गोंधळाचा उपयोगही होतो

त्याच पाहणीतली दुसरी नोंद मला झिकापेक्षा जास्त चटका लावते. कच्छ आणि सौराष्ट्र भागातल्या काही नमुन्यांत रशियन स्प्रिंग-समर एन्सेफलायटिस या गोचिडांमार्फत पसरणाऱ्या विषाणूविरुद्ध अँटीबॉडी मिळाल्या. सैबेरियाच्या जंगलातला रोग कच्छमध्ये कसा?

पाच वर्षांनी, १९५७ मध्ये, म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलाभोवती माकडं मरू लागली आणि गावकरी तापाने फणफणले. माकडं मरतायत म्हटल्यावर पहिला संशय पीतज्वराचा. पुण्याची टीम तिकडे धावली. विषाणू वेगळा काढला, तो निघाला त्याच रशियन कुटुंबाचा, पण स्वतंत्र सदस्य. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. आपण माकडताप म्हणतो तो हाच. अलीकडे सिंधुदुर्गात दोडामार्गला आणि गोव्यात सत्तरी तालुक्यात त्याने माणसं दगावली आहेत. म्हणजे 'रशियन विषाणूच्या अँटीबॉडी' हे उत्तर शब्दशः घेतलं तर बहुधा चूक होतं, पण या कुटुंबातलं कोणीतरी भारतात आहे ही खूण बरोबर होती. चुकलेल्या नावामागे खरा विषाणू असू शकतो. कच्छमध्ये अँटीबॉडी देणारा विषाणू माकडतापाचाच होता की त्याचा भाऊबंद, हे मात्र त्या टेस्टवरून ठरत नाही.

रंग बदलणारी प्लेट

उंदीर आणि गूज यांच्यातून सुटका झाली १९७१ मध्ये. स्टॉकहोममध्ये इवा एंगवाल आणि पीटर पर्लमन, आणि त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये व्हान वीमेन आणि शूर्स यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अँटीबॉडीला एन्झाइम चिकटवण्याची पद्धत मांडली. त्याआधी रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांची किरणोत्सारी पद्धत होती. ती अतिशय संवेदनशील होती, पण किरणोत्सारी पदार्थ हाताळायला वेगळी व्यवस्था लागायची. एन्झाइमला फक्त रंग लागतो. हीच एलायझा.

आज डेंग्यूची आयजीएम टेस्ट करतात ती कशी चालते ते सांगते, कारण रिपोर्टवर 'मॅक एलायझा' असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या प्लेटच्या तळाला माणसाच्या आयजीएमला पकडणाऱ्या अँटीबॉडी चिकटवलेल्या असतात. तुमचं सीरम घातलं की त्या तुमची आयजीएम पकडतात, सगळीच, कुठल्याही रोगाविरुद्धची. मग धुवायचं. आता डेंग्यूचं प्रथिन घालायचं. पकडलेल्या आयजीएममध्ये डेंग्यूविरुद्धची असेल तर ती हे प्रथिन धरून ठेवेल, नसेल तर पुढच्या धुण्यात ते वाहून जाईल. मग त्या प्रथिनाला चिकटणारी, एन्झाइम जोडलेली अँटीबॉडी घालायची. पुन्हा धुवायचं. शेवटी रंगहीन रसायन. एन्झाइम असेल तिथे ते निळं होतं, आम्ल घालून थांबवलं की पिवळं. यंत्र पिवळेपणा मोजून आकडा देतं. सगळी करामत धुण्यात आहे. नीट धुतलं नाही तर सगळं जगच पॉझिटिव्ह.

पण आकडा म्हणजे उत्तर नव्हे. पिवळेपणा ०.१ पासून ३ पर्यंत सलग पसरलेला असतो. त्यात रेघ कुठे मारायची? निरोगी लोकांचे नमुने घेऊन, त्यांच्या सरासरीच्या बऱ्याच वर ती मारतात. पण 'निरोगी' कुठले? डेंग्यू नसलेल्या देशातल्या रक्तदात्यांवर मारलेली रेघ पुण्यातल्या माणसाला लागू पडेल का? किट विकत घेताना हे फारसं कोणी विचारत नाही, विचारायला हवं. एनआयव्ही डेंग्यू, चिकनगुनिया आणि जपानी मेंदूज्वराची किट्स स्वतः बनवून सरकारी प्रयोगशाळांना पुरवते, त्याचा एक फायदा हा की इथल्या नमुन्यांचा अनुभव त्यामागे असतो.

याप बेट, मग ब्राझील

२००७ मध्ये प्रशांत महासागरातल्या याप नावाच्या बेटावर ताप, पुरळ आणि लाल डोळ्यांची साथ आली. तिथे काही रुग्णांच्या डेंग्यूच्या आयजीएम टेस्ट पॉझिटिव्ह आल्या. लॅबच्या दृष्टीने प्रकरण संपलं होतं. पण तिथल्या डॉक्टरांना हा डेंग्यू वाटेना, म्हणून नमुने अमेरिकेतल्या सीडीसीकडे गेले आणि तिथे झिकाचा आरएनए सापडला. आफ्रिका-आशियाच्या बाहेरची झिकाची ही पहिली साथ. नंतर घरोघरी रक्त तपासून केलेल्या अंदाजानुसार तीन वर्षांवरच्या सुमारे ७३ टक्के लोकांना लागण होऊन गेली होती, बहुतेकांना काही कळलंही नव्हतं. १९५२ मध्ये घडल्याची शंका आहे त्याचंच हे उलटं रूप : तिकडे कदाचित डेंग्यू झिका म्हणून दिसला, इकडे झिका डेंग्यू म्हणून.

तोवर हा वाद तज्ज्ञांपुरता होता. २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये लहान डोक्याची बाळं जन्माला येऊ लागली आणि १ फेब्रुवारी २०१६ ला जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. आता प्रश्न गर्भवती बाईचा होता. झिकाचा आरएनए रक्तात साधारण आठवडाभर राहतो, लघवीत थोडा अधिक. बहुतेकांना लक्षणं नसतात. म्हणजे वेळेत पीसीआर झालेली नसेल तर बाईकडे एकच आधार उरतो, अँटीबॉडी. आणि ती टेस्ट म्हणते, 'झिका आयजीएम पॉझिटिव्ह.' हा झिका, की दोन महिन्यांपूर्वीचा डेंग्यू?

सीडीसीची पुढची पायरी होती प्लाक रिडक्शन टेस्ट. ही म्हणजे १९५२ च्या उंदरांच्या टेस्टची नात. योगायोग बघा, प्लाक मोजायची युक्ती रेनातो डुलबेको यांनी प्रसिद्ध केली तीही १९५२ मध्येच. बशीत पेशींचा थर वाढवायचा, वर विषाणू टाकायचा, पेशी मरतील तिथे भोकं पडतात, ती मोजायची. सीरममुळे भोकं किती कमी झाली ते बघायचं. झिकासाठी एकदा, डेंग्यूसाठी एकदा. फक्त झिका अडला तर झिका. पण दोन्ही अडले तर रिपोर्टवर काय यायचं? 'फ्लॅविव्हायरसची लागण, नेमका विषाणू सांगता येत नाही.' काही आठवडे वाट बघून, पोटात मूल वाढत असताना, हे वाक्य हातात पडायचं. डेंग्यू जुना असलेल्या देशांत हे अपवादाने घडत नव्हतं.

त्यात आणखी एक गुंता. थॉमस फ्रान्सिस यांनी इन्फ्लुएन्झाबद्दल १९६० मध्ये मांडलेली गोष्ट इथेही दिसते : शरीर पहिल्या भेटीला चिकटून राहतं. आधी डेंग्यू झालेल्याला नंतर झिका झाला, तर जुन्या डेंग्यूच्याच अँटीबॉडी जोरात वाढू शकतात. शिवाय २०१७ मध्ये सीडीसीने सांगितलं, की झिकाची आयजीएम काही जणांत तीन महिन्यांहून जास्त टिकते. म्हणजे खरोखर झिका झाला असला, तरी तो गरोदरपणात झाला की त्याआधी, हे सुटत नाही. म्हणूनच लक्षणं नसलेल्या गर्भवतींची सरसकट अँटीबॉडी तपासणी करण्याचा आग्रह नंतर मागे पडला. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात झिकाचे रुग्ण सापडले, त्यात गर्भवती बऱ्याच होत्या. त्यांचं निदान मुख्यतः पीसीआरवर झालं त्यामागे हा सगळा अनुभव आहे.

मग ते ३३ नमुने?

माझं मत विचाराल तर त्यातले काही खरे असतील. मलेशियात १९६६ मध्ये डासांतून झिकाचा विषाणू प्रत्यक्ष वेगळा काढला गेला, म्हणजे तो आशियात बराच आधीपासून आहे हे पक्कं. जयपूरला २०१८ मध्ये मोठी साथ आली तेव्हाचा विषाणूही आशियाई शाखेचाच निघाला. पण ३३ च्या ३३ झिकाचे, असं मला वाटत नाही. त्या पाहणीतल्या माणसांना डेंग्यू आणि वेस्ट नाइल भेटत होते, एकाहून अधिक वेळा भेटत होते, आणि अशाच रक्तात ही टेस्ट फसते. त्या काळच्या लेखकांना दोष देण्यात अर्थ नाही. कासाल्स यांचे गट तेव्हा नुकते आकाराला येत होते आणि त्यांच्या हातातली पद्धत त्या काळातली सर्वोत्तम होती.

त्या पाहणीतून निघाल्या त्या अँटीबॉडी, विषाणू नव्हे. तो भारतात हाती लागायला पुढे सहा दशकांहून जास्त काळ जावा लागला. त्यामुळे माझ्या प्रबंधात मी १९५२ बद्दल 'झिका होता' असं न लिहिता 'झिकाला अडवणाऱ्या अँटीबॉडी होत्या' असं लिहिते. मार्गदर्शक म्हणतात वाक्य लांबतं. लांबू दे.